घरपरीक्षण

घरपरीक्षण : विकत अगर गहाण घ्यावयाच्या घराचा पाया, भिंती, छप्पर, पाणीपुरवठा, सांडपाण्याची वाट, वीजजोडणी इ. अंगांची जाणकाराकडून करून घेतलेली पाहणी व तीवरून काढलेला निष्कर्ष. घराचे मूल्यांकन, घराच्या कागदपत्रांची छाननी आणि घराचे परीक्षण ही तीन कामे परस्परांहून भिन्न आहेत. मूल्यांकनाने घराची किंमत कळते, छाननीने मालकी कळते आणि परीक्षणाने घर किती काळ व कोणत्या खर्चाने उभे राहील, हे कळते. महाराष्ट्रात पहिली दोन कामे बऱ्याच काळापासून रूढ आहेत. तिसरे मात्र ‘नजरेखालून घालणे’ या वाक्प्रचारापलीकडे फारसे गेले नाही. त्याची कारणे वडूजसारख्या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात चांगली समजतात.

वडूज हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण येरळा नदीकाठी, साताऱ्याच्या पूर्वेस सु. ५० किमी. वर वसले आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने हा प्रदेश अवर्षणप्रवण असून पावसाचा मोठा भाग भाद्रपद-आश्विनात पडतो. महाबळेश्वर-पाटणकडील उतरत्या छपरांच्या घरांहून येथील जुने घर म्हणूनच निराळे आहे. काळ्या दगडाचे जोते, दगड व चिखल यांच्या किंवा कच्च्या विटांच्या जाड भिंती, आत तळखड्यांवर उभे केलेले लाकडी खांब, त्यांवर तुळया, आडवे सर व लाकडी फळ्या अथवा काटक्या आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर, असे त्याचे स्वरूप असते. या सपाट छपरास माळवद वा धाबे म्हणतात. घराचे माप चौरस फुटांत न सांगता खणांत सांगण्याची पद्धत होती व ती वृद्ध माणसांच्या बोलण्यात आजही आढळते. पांढरी माती पाणी सहजासहजी आत जाऊ देत नाही. मात्र दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकावी लागते. जुनी काढून नवी टाकण्यापेक्षा जुन्यावरच नवी टाकणे सोपे असल्याने पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत जातो. ३० सेंमी. जाडीच्या मातीचे वजन दर चौ. मी. स पाचशे किग्रॅ. च्या आसपास भरते. म्हणजे १२ सेंमी. जाडीच्या काँक्रीटच्या लादीच्या दीडपटीहून अधिक. घर घेणारा बहुधा भिंतीकडे पाहतो. खरा धोका त्याच्या डोक्यावर असतो.

प्राचीन ग्रंथांतील विचार : भूमी व वास्तू यांच्या परीक्षणाचे उल्लेख संस्कृत वाङ्‌मयात पुष्कळ आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) जमीन पारखण्याची एक सोपी रीत दिली आहे. हातभर खड्डा खणावा व काढलेल्या मातीनेच तो पुन्हा भरावा. माती उरली तर जमीन उत्तम, पुरेपूर भरली तर मध्यम आणि अपुरी पडली तर अनिष्ट. दुसऱ्या रीतीत खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन परत यावयाचे व पाणी किती कमी झाले ते पाहावयाचे. पहिलीत मातीची घनता अजमावली जाते व दुसरीत पाणी मुरण्याचा वेग. आधुनिक मृदास्थापत्यातील परीक्षांचे तत्त्व याहून फार वेगळे नाही. येरळेकाठच्या काळ्या जमिनीत मात्र या कसोट्या अपुऱ्या पडतात, कारण ही माती ओली झाली की फुगते व वाळली की तिला खोल भेगा पडतात. एकाच खड्ड्याचा निर्णय वैशाखात एक आणि आश्विनात दुसरा येईल. दिशा, आय व वेध यांचे जे विस्तृत विवेचन याच ग्रंथपरंपरेत आहे, ते लोकांनी जपले आणि मातीची परीक्षा मागे पडली. अभियंता असलेले कृ. वि. वझे (१८६९–१९२९) यांनी प्राचीन शिल्पग्रंथांतील तांत्रिक अंश वेगळा काढून दाखविण्याचा प्रयत्न केला. परंतु घर घेताना आजही अनेक कुटुंबे प्रथम दार कोणत्या दिशेस आहे हेच विचारतात.

कौटिलीय अर्थशास्त्रात घरविक्रीची रीत दिली आहे. घराच्या दारासमोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष विक्रीची घोषणा करावी, सीमा सांगाव्यात, किंमत तीनदा पुकारावी आणि खरेदीचा हक्क नातलग, शेजारी व धनको यांना क्रमाने द्यावा, असे त्यात म्हटले आहे. या व्यवस्थेत भर सीमा, साक्षी व किंमत यांवर आहे. मराठी अमदानीतील घरांच्या खरेदीखतांतही तोच भर दिसतो. चतुःसीमा काळजीपूर्वक लिहिलेल्या असत. गावच्या वतनदारांच्या साक्षी पडत. पेशवाईत पुण्यासारख्या शहरात घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणे हे कोतवालाचे काम होते. भिंतीस ओल आहे किंवा तुळईस वाळवी लागली आहे, हे कागदावर येण्याचे कारण नव्हते. कारण घेणारा त्याच गावचा, बहुधा शेजारी वा भाऊबंद असे व घराची कुंडली त्याला पाठ असे. परगावच्या माणसास घर घ्यावयाचे झाल्यास तो सुतारास बरोबर नेई. बलुत्यात सुताराकडे मुख्यतः शेतीची अवजारे असत. घरबांधणीच्या कामाचा मोबदला त्याला वेगळा मिळे. ओळंबा, गुण्या व पाणसळ ही गवंड्या-सुतारांची साधने हीच त्या काळातील परीक्षणाची साधने होत. खांबाच्या बुंध्यावर किकऱ्याने टोचून लाकूड किती खोल पोखरले आहे ते पाहणे, तुळईवर ठोकून आवाज ऐकणे, भिंतीचे पोट सुटले आहे का ते ओळंब्याने तपासणे, या रीती अद्याप कालबाह्य झालेल्या नाहीत.

इंग्रजी अमदानी : पुण्यात १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामांसाठी कनिष्ठ अधिकारी तयार करणारी शाळा निघाली, तिचेच पुढे १९११ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय असे नामांतर झाले. तेथून बाहेर पडलेला ओव्हरसियर हा गवंड्याहून वेगळा, मोजून व लिहून देणारा तज्ञ होता. मात्र तो सरकारी पूल, रस्ते व कचेऱ्या तपासी. खाजगी घराचा त्याच्याशी संबंध क्वचितच येई. १९३० नंतर आर. एस. देशपांडे यांनी मध्यमवर्गीयांच्या घरांविषयी लिहिलेल्या पुस्तकांमुळे घर बांधणाऱ्यास मार्गदर्शन मिळू लागले. बांधलेले घर घेणारा तसाच राहिला.

कायद्याने त्याची बाजू काहीशी सावरली व काहीशी उघडी ठेवली. संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ नुसार मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास माहीत आहे, खरेदीदारास माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता, तो उघड करण्याचे बंधन विक्रेत्यावर आहे. याचा दुसरा अर्थ असा की, जो दोष साधारण काळजीने कळला असता, त्याची जबाबदारी खरेदीदाराची. गिलाव्याखाली झाकलेली तडा विक्रेत्याने लपविली असे सिद्ध करता येईल. उघड्या भिंतीवरची तडा पाहिली नाही, असे म्हणून न्यायालयात जाता येणार नाही. ‘साधारण काळजी’ या दोन शब्दांत घरपरीक्षणाची सगळी गरज सामावलेली आहे. तरीही सातबारा उतारा, मिळकतपत्रिका, ग्रामपंचायतीकडील नमुना ८ चा उतारा आणि वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल यांवर पैसे खर्च करणारा खरेदीदार भिंतीच्या शोध अहवालावर काही खर्चत नाही. भाऊबंदकीच्या दाव्यांचा अनुभव पाहता कागदाची धास्ती निराधार नाही, हेही खरे. गावठाणातील घरांच्या मालकीचा पुरावा पुष्कळदा करआकारणीच्या नोंदीपुरताच असे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेतले, ते याच उणिवेमुळे.

भूकंपांचा धडा : ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर येथे झालेल्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली व दोन हजारांहून अधिक जखमी झाली. पाटण तालुक्यात दगड व चिखल यांची घरे मोठ्या प्रमाणावर कोसळली. तोपर्यंत दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जाई. भारतीय मानक १८९३ च्या १९७० च्या आवृत्तीत ‘शून्य’ हा निर्धोक विभाग रद्द करण्यात आला व कोयना परिसर चौथ्या विभागात घालण्यात आला. आधीच उभ्या असलेल्या घरांचे काय, हा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

तो प्रश्न ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने अतिशय कठोरपणे पुढे आणला. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सु. आठ हजार माणसे प्रामुख्याने स्वतःच्या घराखाली गाडली गेली. तेथील घर व खटाव-माणमधील घर यांत रचनेच्या दृष्टीने फारसा फरक नाही. भिंत बाहेरून घडीव दगडांची व आतून ओबडधोबड दगडांची, मध्ये चिखल व दगडाच्या कपच्या. दोन्ही अंगांना एकत्र बांधणारे आरपार दगड नाहीत. आणि वर मातीचा प्रचंड भार. हादऱ्यासरशी भिंतीचे दोन्ही पापुद्रे सुटले व माळवद खाली आले. जेथे छपराचा भार खणांच्या लाकडी सांगाड्यावर नीट पेललेला होता व भिंत केवळ आडोशाची होती, तेथे काही ठिकाणी भिंती पडूनही छप्पर उभे राहिले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याहून कमी गाजलेला, पण येथे अधिक महत्त्वाचा भाग म्हणजे अनेक जिल्ह्यांतील मोठ्या संख्येच्या घरांची जागेवरच दुरुस्ती व मजबुतीकरण. त्यासाठी अभियंत्यांना घराघरांत जाऊन हानीची प्रत ठरवावी लागली. ग्रामीण महाराष्ट्रात सामान्य माणसाच्या घराचे एवढ्या व्यापक प्रमाणावर तांत्रिक परीक्षण पूर्वी झाले नव्हते. आरपार दगड किंवा त्यांऐवजी काँक्रीटचे सांधे घालणे, माळवदाची माती कमी करणे, लिंटलच्या पातळीवर पट्टा बांधणे, खांब-तुळईचे सांधे आवळणे हे उपाय त्यातून पुढे आले. दगडमातीच्या घरांविषयीची भारतीय मानके १३८२७ व १३८२८ त्याच वर्षीची (१९९३) आहेत. वडूजमधील जुने घर तपासण्यास येणाऱ्याने ती वाचली आहेत की नाहीत, हा त्याच्या निवडीचा चांगला निकष ठरेल.

मुंबईतील अनुभव : मुंबईत परीक्षणाची गरज वेगळ्या मार्गाने निर्माण झाली. भाडेनियंत्रणामुळे मालकांनी दुरुस्ती सोडून दिलेल्या चाळी पावसाळ्यात कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या अधिनियमान्वये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. उपकरप्राप्त अशा १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत होत्या. गिरणगावातील चाळींत सातारा-सांगलीकडील कामगारांची वस्ती मोठी असल्याने ‘धोकादायक इमारत’ हा सरकारी शब्दप्रयोग गावाकडेही त्यांच्याबरोबर आला. पुढे महानगरपालिका अधिनियमात कलम ३५३-ब घालून तीस वर्षांवरील इमारतींना नोंदणीकृत संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचना परीक्षण पाच वर्षांतून एकदा व त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करावयाचे असते. ही परीक्षणे संपूर्ण इमारतीची असतात. एखाद्या घराच्या खरेदीदारास त्यांचा उपयोग होतो तो अहवालाची प्रत मागून घेण्यापुरता. बहुतेक खरेदीदार ती मागत नाहीत.

परीक्षक कोणाचा : गृहकर्जाचा प्रसार झाल्यावर (गृहकर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था १९७७ मध्ये व राष्ट्रीय आवास बँक १९८८ मध्ये स्थापन झाली) घर पाहण्यास एक नवी व्यक्ती येऊ लागली, ती म्हणजे बँकेच्या यादीतील मूल्यांकक. त्याचे शुल्क कर्जदार भरतो. अहवाल बँकेचा असतो. बुडीत कर्जाच्या प्रसंगी घर विकून पैसे वसूल होतील का, एवढाच त्याच्यापुढील प्रश्न. भिंतीची ओल त्याच्या प्रश्नात बसत नाही. असे असता ‘बँकेने घर पास केले’ या समाधानावर आयुष्याची बचत गुंतविली जाते, ही या विषयातील सर्वांत घातक समजूत म्हणावी लागेल. इंग्लंडमध्येही हीच समजूत होती. तेथील उमराव सभेने स्मिथ विरुद्ध बुश या खटल्यात (१९८९) साधारण किंमतीच्या घराबाबत धनकोच्या सर्व्हेयरवर खरेदीदाराचीही काळजी घेण्याची जबाबदारी टाकली. अमेरिकेत परीक्षक हा स्वतंत्र व्यवसायी बनला. तेथील गृहपरीक्षकांची संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर या खटल्यात दलालानेही घराची पाहणी करून दोष सांगितले पाहिजेत, असा निर्णय झाला. स्कॉटलंडमध्ये २००८ पासून विक्रीस काढलेल्या बहुतेक घरांचा पाहणी अहवाल विक्रेत्यानेच तयार ठेवावा लागतो.

भारतात गृहपरीक्षकास वैधानिक परवाना नाही. वास्तुशिल्पी ही संज्ञा १९७२ च्या अधिनियमाने संरक्षित आहे. संरचना अभियंत्याची नोंदणी स्थानिक प्राधिकरणे करतात. परंतु ‘गृहपरीक्षक’ अशी पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून पदवी व नोंदणी पाहणे प्राप्त होते. सांगली येथील १९४७ मध्ये स्थापन झालेले, पुढे वालचंद यांचे नाव दिलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांमुळे या दोन जिल्ह्यांत स्थापत्य अभियंत्यांची वाण नाही. मात्र त्यांतील पुष्कळांचा अनुभव काँक्रीटच्या नव्या बांधकामाचा असतो. दगडी वाड्यास काँक्रीटच्या कसोट्या लावणारा अभियंता शिकलेला असूनही त्या कामास अपुरा होय. पदवीइतकेच हितसंबंधाचेही महत्त्व आहे. दलालाने सुचविलेला परीक्षक व्यवहार मोडू देत नाही आणि दुरुस्तीचे कंत्राट घेऊ इच्छिणारा परीक्षक घराला निर्दोष ठरवीत नाही. पूर्वी केलेल्या एखाद्या परीक्षणाचा नाव झाकलेला अहवाल दाखविण्यास जो तयार नसतो, त्याच्याकडे लेखी अहवालाची सवयच नसावी, असे समजण्यास हरकत नाही.

वडूज परिसरात या निवडीस आणखी एक पदर आहे. खानापूर, आटपाडी, खटाव व माण तालुक्यांतील अनेक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर पसरली आहेत. इतर अनेक मुंबई-पुण्यास आहेत. गावी घर घ्यावयाचे ते दूर राहून, सणावाराच्या चार दिवसांच्या सुटीत. वर्षानुवर्षे बंद असलेले घर रंग दिल्यावर नव्यासारखे दिसते. माळवदावर माती पडलेली नसते, पन्हळी तुंबलेल्या असतात आणि भिंतीत गाडलेली तुळयांची टोके कुजलेली असतात. या टोकांची पाहणी गिलावा थोडा फोडल्यावाचून होत नाही व त्यास विक्रेत्याची संमती लागते. ती इसारपावतीत आधीच लिहून घेणे इष्ट असते. पाहणी परतीच्या पावसानंतर लगेच झाल्यास ओलीचे डाग व काळ्या मातीच्या फुगण्याने पडलेल्या तिरप्या तडा स्पष्ट दिसतात. उन्हाळ्यातील पाहणीत त्यांतील निम्मी लक्षणे लपतात.

खर्च : परीक्षणाच्या शुल्काचा पाया दोन प्रकारचा असतो, मालमत्तेच्या मूल्यावर किंवा प्रत्यक्ष श्रमावर. संपत्तिकर अधिनियम, १९५७ खालील नोंदणीकृत मूल्यांककांसाठी नियमांनी ठरविलेले कमाल दर पहिल्या प्रकारचे होते. सुधारित नियमांनुसार पहिल्या पाच लाख रुपयांवर अर्धा टक्का, पुढील दहा लाखांवर एक-पंचमांश, त्यापुढील चाळीस लाखांवर एक-दशांश व उरलेल्यावर एक-विसांश टक्का. म्हणजे पंधरा लाखांच्या घरास ४,५०० रु. हा कर २०१५ च्या वित्त अधिनियमाने रद्द झाला, तरी टक्केवारीची सवय राहिली. परीक्षणास ही पद्धत योग्य नाही. वडूजमधील स्वस्त, जुना, पाच खणांचा वाडा तपासण्यास पुण्यातील महागड्या नव्या सदनिकेपेक्षा अधिक वेळ लागतो. अमेरिकेत सामान्य घराचे शुल्क ३०० ते ५०० डॉलरांच्या आसपास असते व ते क्षेत्रफळ, वय आणि अंतर यांवर ठरते, किंमतीवर नव्हे. भारतातील शहरांतही खाजगी परीक्षणसंस्था क्षेत्रफळावर आकारणी करतात. तालुक्याच्या गावी प्रवासखर्च व मोडलेला दिवस यांचा वाटा मोठा असल्याने चौरस फुटाचा शहरी दर तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही. नोंदणीकृत सेवादात्याच्या शुल्कावर वस्तू व सेवा करही द्यावा लागतो.

खर्च फुगतो तो उपकरणांच्या चाचण्यांमुळे. त्यांची आकारणी बिंदूमागे किंवा नमुन्यामागे होते. प्रत्याघात हातोड्याने काँक्रीटच्या पृष्ठाचा कठीणपणा कळतो. त्यावरून बांधलेल्या सामर्थ्याच्या अंदाजात २५ टक्क्यांपर्यंत अधिक-उणे पडू शकते, असे भारतीय मानक १३३११ (१९९२) मध्येच म्हटले आहे. त्याच मानकाच्या पहिल्या भागानुसार स्वनातीत स्पंदाचा वेग सेकंदास ४·५ किमी. हून अधिक असल्यास काँक्रीट उत्कृष्ट व ३ किमी. हून कमी असल्यास शंकास्पद समजत. या चाचण्या काँक्रीटच्या सांगाड्यासाठी उपयुक्त आहेत. दगड व चिखल यांच्या भिंतीवर त्या करून दाखविणे म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालविणे होय. तेथे ओळंबा, किकरा आणि माळवदात एका जागी खणून मोजलेली मातीची जाडी यांतून अधिक कळते. परीक्षकाने आधी डोळ्यांनी पाहून कोणती चाचणी का हवी हे लिहून द्यावे व मगच तिचा खर्च मान्य करावा, ही पद्धत रास्त आहे.

परीक्षणाचे शुल्क पावती घेऊन दिल्यास ते देणारा ग्राहक ठरतो. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता (१९९३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणीचा ‘सेवा’ या संज्ञेत अंतर्भाव केला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली पैसे घेऊन केलेल्या परीक्षणातील उणिवेबद्दलही जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मात्र काय तपासावयाचे होते हे करारपत्रात लिहिलेले असावे लागते. नव्या प्रकल्पातील घराबाबत स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत आढळलेले संरचनात्मक दोष विकसकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचे असल्याने, ही मुदत संपण्यापूर्वी काही महिने परीक्षण करून घेणे फायद्याचे पडते. जुन्या घरास हे संरक्षण नाही. वडूजमध्ये ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आल्यापासून नव्या बांधकामास भोगवटा प्रमाणपत्र मागता येते. त्यापूर्वीच्या गावठाणातील घरांना असे प्रमाणपत्र बहुधा नसते, आणि तालुक्यात खरेदी-विक्री होते ती मुख्यतः याच घरांची.